उरलेले रातकिडे

…आणि तो रातकिडा मिशा साफ करत होता. काचेच्या पेटीतल्या रुंद पानावर बसून, तिळाहून जरासा मोठा, पुढच्या पायाने एक मिशी खाली ओढून तोंडातून काढायची, मग दुसरी – भरपेट जेवून उठलेल्या माणसाच्या निवांतपणाने. चहाचा कप हातात धरून ती बघत राहिली आणि तिला बरंच वाटलं. म्हणजे उरले. शाईराव पोट भरूनच झोपले तर. मग तिने पानाखाली पाहिलं.

शाईराव, तिच्या लेकीचा अंगठ्याएवढा निळा बेडूक, रोज दिवा लावला की ऐटीत बाहेर यायचा. आज तो आडोशाला ठेवलेल्या करवंटीच्या कडेला चिकटून बसला होता आणि त्याच्या पाठीवर एका जागी निळं नव्हतं. निळं नव्हतं म्हणजे कातडीच नव्हती… त्या ओल्या, लालसर जागेवर दोन रातकिडे माना खाली घालून बसले होते. ते खात होते.

कप कुठे ठेवला ते तिला नंतरही आठवलं नाही. खाणं खाणाऱ्याला खात होतं – आणि ते मी घातलेलं, माझ्या या हाताने, काल रात्री, डबी उपडी करून, तळाला ठोकून ठोकून, एकही मागे राहू नये म्हणून.

कारण आज तो जाणार होता. लेक नोकरीच्या गावी गेली तेव्हा वसतिगृहात बेडूक चालेना, म्हणून तो इथे राहिला. आता तिने स्वतःची खोली घेतली होती आणि दुपारी ती त्याला न्यायला येणार होती. जाणाऱ्याला उपाशी कसं पाठवायचं? वाटेत काही मिळेल न मिळेल. लेकीच्या सहलीच्या डब्यात ती अशीच चार जणांचं भरायची आणि लेक अर्धं परत आणायची – आणि ते परत आलेलं बघून ती पुढच्या वेळी आणखी चवीचं करायची.

“पाच मिनिटांत संपेल एवढंच घालायचं हं, आई,” लेकीने जाताना बजावलं होतं. “तो काय तुझ्याकडे जेवायला आलेला पाहुणा नाही.”

हो हो, म्हटलं होतं मी.

सुरुवातीला माश्या होत्या. केळ्याच्या लगद्यावर बाटलीत वाढवलेल्या, उडता न येणाऱ्या बारक्या फळमाश्या. त्या कपात झटकायच्या, चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकायची, कप गोल फिरवायचा, की पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या होऊन निघायच्या. शाईराव मान तिरकी करून बघणार, आणि टक्! शिवणयंत्रावर बसल्या बसल्याही तिला ते टक् ऐकू आल्यासारखं वाटायचं. मग एकदा तिला बाटलीतला लगदा कमी वाटला. बिचाऱ्या माश्यांनी काय खायचं, म्हणून तिने वर आणखी केळं कुस्करून घातलं, थोडी साखरही. दोन दिवसांत सगळं आंबलं, पातळ झालं, आणि माश्या त्यातच बुडून मेल्या. तिला वाईट वाटलं होतं, केळंच खराब निघालं असेल असंही वाटलं होतं… आत्ता, पेटीसमोर उभी राहून, तिला ती बाटली लख्ख आठवली.

माश्या संपल्यावर ती रातकिडे घ्यायला गेली, तेव्हा पाळीव प्राण्यांच्या खाण्याची दुकानदारीण तर म्हणाली होती, “रातकिड्यांची अगदी बारकी पिल्लं न्या. उरली तर मात्र काढून टाका हं, भुकेली झाली की ती कशालाही तोंड लावतात.” तिने मान हलवली आणि त्याहून एक माप मोठी निवडली. बारकी अगदीच धुळीसारखी दिसत होती, त्यांत काय सत्त्व असणार! कपडा शिवतानाही ती आत चार बोटं जास्तच ठेवायची, उद्या अंगाला घट्ट होऊ नये म्हणून. गिऱ्हाइकं वाखाणायची. लेक मात्र म्हणायची, आई, टोचतं गं आतून.

शाईराव दिवसा जागा असतो आणि रात्री झोपतो. रातकिडे रात्री जागे होतात. एवढी साधी गोष्ट… रात्री भूक लागली तर असावं, असं म्हणून मी त्याच्या झोपेत ते सोडून आले आणि दिवा मालवला.

तिने मऊ कुंचल्याने ते दोन किडे झटकले. ओल्या टिश्यूवर शाईरावला उचलून स्वच्छ डब्यात ठेवलं. तो पळाला नाही, हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“जखम खोल आहे का?”

“मला बघवत नाही हो.”

“बघावं लागेल, ताई. गळा हलतोय ना? मग संध्याकाळी घेऊन या. कागद ओला ठेवा, हात लावू नका. आणि खायला काही घालू नका.”

“थोडंसंसुद्धा?”

“काही नाही म्हणजे काही नाही.”

फोन ठेवून ती रिकाम्या हातांकडे बघत बसली. या हातांना कुणाला काही खायला न घालता बसणं माहीतच नव्हतं. लेकीने एकदा सांगितलं होतं, हे बेडूक रानात विषारी असतात, पण ते विष त्यांच्या रानातल्या खाण्यातून येतं. आपल्याकडचं खाऊन ते अगदी निरुपद्रवी होतात. तेव्हा केवढी खूश झाले होते मी! आपल्या घरचं अन्न लागलं आणि विष गेलं, असं शेजारणींना सांगत सुटले होते. त्याच्या अंगात ते असतं तर काल रात्री कुणी जवळ आलं असतं? तिला एकदम ओट्याकडे पाहवेना. तिथे पहाटेपासून केलेलं झाकून ठेवलं होतं, पातेल्यावर पातेलं. एका मुलीसाठी.

आणि मुलगी फोनवर म्हणाली होती, “खोली लहान आहे गं, तू लगेच नको येऊस.”

दुपारी जिन्यात पावलं वाजली. एरवी पावलं ओळखून ती बेल वाजायच्या आधीच दार उघडायची, पिशवी हातातून काढून घ्यायची, दमलीस का, आधी काय घेतेस… आज मांडीवर डबा होता. त्या निळ्या गळ्याची बारीक हालचाल चालू होती, आणि तिची नजर उठेना. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

बेल वाजेना.

दाराबाहेर लेकीने एक लांब श्वास घेतला आणि हळूच सोडला, पाण्यात उतरण्याआधी घ्यावा तसा. मग आणखी एक. आत बसलेल्या आईला ते स्पष्ट ऐकू आलं. किती वर्षं ही अशी इथे थांबायला बघत असेल, आणि मी धावत जाऊन दार उघडत आले.

ती उठली नाही. दोन्ही हातांनी डबा धरून, श्वास रोखून बसून राहिली, पलीकडचा श्वास घेऊन होईपर्यंत.