दुसऱ्या मजल्यावरचं दार

"कठडा लावलाय. दुसऱ्या मजल्यावर दारासमोरच उभा आहे," वॉकीटॉकीवर जोडीदार म्हणाला. मिस्त्री निर्धास्त होऊन जिना चढला आणि इमारतीच्या माथ्यावरच्या मशीनखोलीत शिरला.

लिफ्टच्या कामात बावीस वर्षं काढलेला हा माणूस तीन महिन्यांपूर्वी परदेशी नोकरीला आला होता. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मजल्यांवरून मात्र घरात हसून हसून पुरेवाट झाली होती. इथे जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्या मजल्यावर बोलावलं, तर बायको आपल्या हिशेबाने एक जिना चढली आणि लग्ननोंदणीच्या कचेरीत पाऊण तास नंबर लावून बसली. शेवटी कारकुनाने अदबीने विचारलं, नवरदेव कुठे आहेत? मिस्त्रीने हा किस्सा कामावर तिखटमीठ लावून सांगितला होता. दुसऱ्याची फजिती सांगताना आपण फार शहाणे असतो.

दोरांच्या भोकातून त्याने खाली पाहिलं. लिफ्ट पार तळाला होती. दुसऱ्या मजल्याचं दार त्यानेच किल्लीने उघडून पाचर मारून ठेवलं होतं. तिथून उजेड आत येत होता, पण जोडीदाराचे पिवळे बूट दिसेनात. कठडाही दिसेना.

"दार उघडंच आहे ना तुझ्यासमोर?"

"नाही, बंद आहे. तू वरून उघडणार ना?"

मिस्त्रीच्या आता लक्षात आलं. रंगकामासाठी मजल्यांचे आकडे काढून ठेवले होते. जोडीदार इथलाच; तो इथल्या हिशेबाने दुसऱ्यावर, म्हणजे एक मजला खाली, बंद दाराची राखण करत होता.

उघड्या दाराच्या मजल्यावर एक अंध आजोबा एकटे राहत. सकाळी अकराला ते फिरायला निघत, आणि अकरा वाजले होते. काठीची टकटक ऐकू आली. मग उजेडात, उंबऱ्याच्या अगदी कडेला, काठीचं टोक दिसलं. इथल्या भाषेतला एक शब्द मिस्त्रीच्या तोंडी येईना.

"आजोबा, थांबा! पाऊल उचलू नका!" तो आपल्याच भाषेत ओरडला.

काठी हवेत थांबली.

एक मजला वर पळ, असं त्याने जोडीदाराला कसंबसं सांगितलं. जिन्यावर बूट दाणदाण वाजले. मिस्त्री स्वतः तिथे पोचला तेव्हा आजोबा भिंतीशी सुखरूप उभे होते.

थोड्या वेळाने साहेब आले. जोडीदाराने मजल्यांचा घोळ सांगितला तसं त्यांना हसू आलं. भाषेचा गोंधळ म्हणून लिहून टाकू, विषय संपला, असं ते म्हणाले. नोकरी वाचत होती. बायकोने परवाच खिडक्यांना पडदे शिवले होते.

"गोंधळ मजले मोजण्याचा नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. "उघडं दार सोडायचं तर जोडीदाराचं तोंड डोळ्यांनी बघून सोडायचं. मी नुसत्या आवाजावर गेलो. माझी चूक लिहा."

साहेबांचं हसू मावळलं. मग चौकशी होईपर्यंत किल्ली जमा करावी लागेल, ते म्हणाले. मिस्त्रीने कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्याला फार वाईट वाटलं.

आजोबांना अजून खाली फिरायला जायचंच होतं. मिस्त्रीने आपलं कोपर त्यांच्या हाताशी नेलं. आजोबांनी ते घट्ट धरलं, आणि दोघं एकेका पायरीवर थांबत जिना उतरू लागले.