ऐकायला दोन घास, बोलायला पोटभर

मित्रांनो, एका जागी गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. आणि बघा, चार वर्षं झाली, मी शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर बसून आहे! मी एक जुना वायरलेस संच आहे, जिपेत बसवायचा. बटण दाबलं की माझ्यातून बोलायचं, सोडलं की ऐकायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या आणि पाठीवर बारीक आकड्यांची एक पट्टी चिकटवली. मग मला जिपेच्या डॅशबोर्डखाली स्क्रूने आवळलं, पाठ आतल्या बाजूला करून. ती पट्टी पुढे वीस वर्षं कुणी वाचली नाही. तिचं नाव मी पुन्हा काढणार आहे, तेव्हा विसरू नका.

माझे मालक ड्रायव्हर होते. घाटातल्या वस्त्यांवर औषधं आणि टपाल पोचवायचे. जिपेची दणकट बॅटरी मला हवी तेवढी वीज द्यायची, त्यामुळे भूक म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. मालकांचा आवाज असा, की लाइनवर सगळे ड्रायव्हर त्यांना 'भोंगा' म्हणत. माझ्या तोंडावर ताकदीची एक कळ आहे, 'कमी' आणि 'पूर्ण'. मालकांनी ती 'पूर्ण'वर ढकलली आणि वरून काळी चिकटपट्टी मारून टाकली. "कमी ताकदीत बोलायला मी काय आजारी आहे?" असं ते म्हणायचे.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. काम असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कुणी उगाच बोललं की ते खेकसायचे, "लाइन म्हणजे गप्पांचा कट्टा नाही!" सगळे ड्रायव्हर हा नियम पाळायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग मालकांच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्यांचं काम लेकीकडे आलं. तिला नवी जीप मिळाली, जिपेत नवा संच. आणि मी? मी पलंगाखालच्या खोक्यात, फाटक्या बुटांच्या शेजारी. सहा महिने! माझा जीव नुसता कासावीस झाला. वर पलंगावर मालकांचीही तीच गत होती. शेवटी एक दिवस ते उठले आणि म्हणाले, "लेक घाटात आणि मी खुर्चीत? नाही जमायचं आपल्याला."

त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं, छपरावर एरियल उभी केली. आमचं घर उंचावर असल्यामुळे डोंगराच्या दोन्ही अंगांचं बोलणं मला ऐकू यायचं. पण घरच्या प्लगमधली वीज मला थेट चालत नाही. मध्ये एक पॉवर सप्लाय लागतो, माझ्या पोटाला सोसेल अशी वीज करून देणारा. मालकांनी खण उपसला आणि कसल्यातरी जुन्या यंत्राचा मुठीएवढा अडॅप्टर काढला. "बारा व्होल्ट लिहिलंय. झालं की काम!"

मालकीणबाई शिवत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, दुकानात विचारा ना एकदा."

"दुकानदार काय, सगळ्यात मोठा डबा गळ्यात मारणार."

माझा दिवा लागला, आवाज स्वच्छ आला. मालक खूश. तीन आठवडे ते नुसतं ऐकत बसले, लेकीचा आवाज आला की मान डोलावत. नियमाप्रमाणे बटण एकदाही दाबलं नाही. मित्रांनो, मी आतून तडफडत होतो! ऐकायला मला दोन घास पुरतात. बोलायला पोटभर लागतं. पण हे सांगणार कसं? कुणी बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

एका दुपारी दूधगाडीवाल्याचा आवाज आला. "ओढ्यावरचा पूल मधोमध खचलाय. कुणी येऊ नका." तो पुलाच्या पलीकडे होता, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. त्याचं बोलणं आमच्या लेकीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. ते फक्त आम्ही ऐकलं. आणि पाचच मिनिटांत तिचा आवाज आला. "चिमणी बोलतेय. वरची औषधं दिली. आता पुलावरून खाली येते."

मालकांनी झडप घालून बटण दाबलं. "चिमणी, थांब!" माझा दिवा विझला. बटण सोडलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझलो. मालक घसा फोडून ओरडत होते, पण आवाज खोलीबाहेर जात नव्हता. त्या रस्त्यावर तिचा फोनही लागत नसे. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शिलाई मशीन थांबलं.

"अहो, तुम्ही बटण दाबलं की त्याचा दिवा जातो."

"दिसतंय मला!"

"माझं मशीनही जाड कापडावर असंच अडतं. त्याला जोर पुरत नाहीये."

"मग आता जोर आणू कुठून?"

"आणू नका. त्यालाच कमी खायला लावा. ती पट्टी काढा आधी!" आणि मालकांची वाट न बघता त्यांनी कात्रीच्या टोकाने ती काळी पट्टी खरवडून काढली आणि कळ 'कमी'वर केली.

मालकांनी बटण दाबलं. दिवा मंदावला, पण टिकला. मालक सवयीप्रमाणे सुरू झाले. "चिमणी, चिमणी, भोंगा बोलतोय, ऐक नीट, मघाशी तो दूधगाडीवाला लाइनवर आला होता, तो म्हणाला..." अडॅप्टर तापला, करपल्याचा वास आला आणि दिवा फडफडायला लागला. मालकीणबाईंनी माइक त्यांच्या हातातून ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यातून बोलत होत्या.

"पुलावर जाऊ नकोस. पूल खचलाय." आणि बटण सोडलं.

नुसती खरखर. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो.

"आई? तू?" मग थोडं थांबून, "थांबले गं. पूल समोरच दिसतोय मला. थांबले मी."

मालकीणबाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मालक त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, त्या गुडघ्यांनिशी.

दुसऱ्या दिवशी दोघं मला काखोटीला मारून दुकानात गेले. दुकानदाराने एक हलका, चकचकीत डबा पुढे केला. मालकीणबाईंनी मला उलटं केलं, चष्मा सावरला आणि माझ्या पाठीवरची पट्टी मोठ्याने वाचली. "ऐकताना एक अँपिअर. बोलताना वीस. भाऊ, या डब्यावर तर दहाच लिहिलंय. बोलताना पुरेल असा द्या, वर थोडा राखीव ठेवून. आणि व्होल्ट या पट्टीवर आहेत तेवढेच."

"ताई, तुम्ही याच धंद्यातल्या का?"

"कालपासून," त्या म्हणाल्या. तीस अँपिअरचा तो जाडजूड डबा मालकांनी स्वतः उचलला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी आलं, तर आधी त्याची पाठ वाचा. त्याची भूक ते गप्प असताना मोजू नका. आणि बोलायची वेळ येण्याआधी एकदा त्याला बोलतं करून बघा. आता आमच्या लाइनवर रोज एक चाचणी होते. तो जुना नियम मालकांनी स्वतःच मोडला.

माझी चुळबुळ काही गेलेली नाही. लेक घाटात असली की मला चैन पडत नाही. आत्ता ती वरून निघाली असेल. मालक घड्याळ बघतायत. मालकीणबाईंनी मशीन थांबवलं, बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं. आता त्या बटण दाबतील. दाबा की लवकर! माझं पोट भरलेलं आहे.