विटकरी जर्सी

"वाचा आणि खाली सही करा," असं म्हणत सचिवाने कागद टेबलावरून पुढे सरकवला.

सोडाबाईंनी कागदाला हातही लावला नाही. "तूच वाच. मोठ्याने."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेने त्यांना कोपर मारलं. ती याच मैदानाच्या लाँड्रीत कंत्राटावर होती आणि ते कंत्राट दरवर्षी या सचिवाच्या सहीने वाढायचं. सोडाबाईंनी कोपर मारू दिलं आणि सचिवाकडे बघत राहिल्या. सत्तरी उलटली तरी त्यांची नजर तशीच होती, डाग शोधणारी.

सचिवाने नाक मुरडत वाचलं. राष्ट्रीय रग्बी संघाच्या जर्सीचा विटकरी रंग संस्थापक अध्यक्षांनी विचारपूर्वक निवडला, प्रत्येक खेळाडू देशाच्या भिंतीतली एक वीट, म्हणून संघाचं नाव 'विटा'. वर्तमानपत्रात छापून आलेली धुलाईची हकिगत माझ्या वयोमानानुसार झालेल्या गैरसमजातून सांगितली गेली.

"वयोमानानुसार," सोडाबाई म्हणाल्या. "वा! माझ्या डोक्याला गंज चढलाय हे तुम्ही छापणार, आणि खाली सही माझी!"

"आजी, पन्नास वर्षांचा ग्रंथ निघतोय. सोमवारी छपाईला जाईल. त्या बातमीदाराला तुम्ही काहीबाही सांगून बसलात—"

"काहीबाही नाही. जे झालं ते."

जे झालं ते असं. पहिला दौरा, बावीस पांढऱ्या जर्सी, सरावात सगळ्या चिखलाने माखलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सामना. कपडे धुवायला सोडाबाई एकट्या. तेव्हाचा कप्तान धापा टाकत आला आणि मैदानाच्या कोपऱ्यांवरची निशाणं उकळत्या टबात टाकून गेला. "हीपण घ्या, वेळ नाही," असं बाहेरूनच ओरडून. निशाणं कोऱ्या लाल कापडाची होती. सोडाबाई साबण आणायला आत गेलेल्या. परत येऊन बघतात तो जर्सी गुलाबी, त्याही धड सगळीकडून नाही, धब्बे धब्बे! गुलाबी धब्ब्यांची पोरं स्क्रममध्ये, खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी करायला, उतरली असती तर समोरच्यांनी हसूनच त्यांना मागे रेटलं असतं. त्यांनी खानावळीतून चहाचा चोथा मागून आणला, दोन बादल्या कडक पाणी काढलं, उरलेली निशाणंही टबात घातली आणि काठीने तासभर ढवळत राहिल्या. रंग एकसारखा झाला. भाजलेल्या विटेचा.

सामना संघ हरला, पण स्क्रम इंचभर मागे हटला नाही. परक्या वर्तमानपत्राने चेष्टेत लिहिलं, विटांचा ढीग आला होता, हलवता हलला नाही. ते नाव चिकटलं. दौऱ्यावरून परतल्यावर मोठ्या साहेबांनी, म्हणजे त्याच संस्थापक अध्यक्षांनी, सोडाबाईंना निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढलं, आणि वर्षभराने नव्या जर्सी विटकरीच शिवून घेतल्या. "मी सांगतो साहेबांना," असं कप्तान म्हणाला होता. त्याने सांगितलं नाही.

काम गेल्याचं सोडाबाईंनी सोसलं. सोसवलं नाही ते घरातलं. नवरा पुढे जवळजवळ चाळीस वर्षं, भात करपला तरी, पेला फुटला तरी, एकच वाक्य फेकायचा. एक टब सांभाळता आला नाही हिला! निशाणं कप्तानाने टाकली हे त्यांनी शंभरदा सांगितलं. त्याने शंभरदा हात झटकला.

"कप्तानाला बोलवा," सोडाबाई म्हणाल्या.

"अध्यक्ष म्हणा. ते आता अध्यक्ष आहेत."

"जे असेल ते. बोलवा."

अध्यक्ष शेजारच्याच खोलीतून आले, काठी टेकत. मान एका बाजूला वाकडी झालेली. स्क्रममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाची होते तशी. त्यांनी सचिवाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"कशाला उकरून काढता, बाई? कुणाचं भलं होणारे यात?"

"निशाणं कुणी टाकली?"

"बाई, तुमची सून इथे कामाला आहे. मला वाईट वागायला लावू नका."

सुनेचा चेहरा पडला. "आई, करा ना सही. काय जातंय?"

"यांनी माझ्यासमोर खरं सांगावं, मी सही करते."

अध्यक्ष खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "असेल, मीच टाकली असतील."

"असेल नाही. आणि खिडकीला नाही, मला सांगा."

"मी टाकली," ते दात-ओठ खात म्हणाले. "निशाणं मी टाकली, तुम्ही आत होतात. साहेबांना सांगितलं असतं तर माझं कप्तानपद गेलं असतं. झालं समाधान?"

झालं नाही. ज्या नवऱ्याने हे ऐकायला हवं होतं तो अकरा वर्षांपूर्वी गेला होता. सोडाबाईंना एकाएकी त्या दोघांचाही संताप आला, समोरच्याचा आणि गेलेल्याचाही. त्यांनी कागद उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि त्याच्यावर पेन ठेवलं.

"नाही करत."

"तुम्ही शब्द दिलात!"

"तुम्हीही दिला होता."

अध्यक्षांनी काठी जमिनीवर आपटली. "मग भोगा! दोघी भोगा!"

परतताना रस्त्यात सून दोन पावलं पुढेच चालत राहिली. घरात पाऊल टाकल्यावर तिचा बांध फुटला. "ऐकलं मी. तुमचं खरं होतं, मान्य. पण नोकरी माझी होती, आई. माझी! मला विचारलंत?"

सोडाबाईंनी विचारलं नव्हतं.

ग्रंथ ठरल्याप्रमाणे निघाला. त्यात संस्थापकांची दूरदृष्टी होती, विटांची भिंत होती, सोडाबाई कुठेच नव्हत्या. गैरसमजाचा कागदही नव्हता, कारण सहीच नव्हती. महिनाअखेरीस सुनेचं कंत्राट संपलं आणि ते कुणी वाढवलं नाही. ती दुसरीकडे, लांबच्या इस्पितळात, चादरी धुवायला जाऊ लागली. जाताना-येताना दोन-दोन बस.

सुट्टीच्या दिवशी ती घरातले कपडे धुवायला बसली. सोडाबाई नेहमीप्रमाणे आपले कपडे घेऊन गेल्या तेव्हा टब भरलेला होता. सुनेने मान वर न करता कोपऱ्यातली रिकामी बादली पायाने त्यांच्याकडे सरकवली.

"तुमचे वेगळे धुवा," ती म्हणाली.

सोडाबाईंनी बादली उचलली, नळाखाली धरली आणि पाणी भरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.