तीन मालाकाई

आमच्या वावाऊ बेटावर मालाकाईचे गाणे ज्याने ऐकले नाही, असा मनुष्य त्या काळी सापडणे कठीण होते. तो ऑकलंडला गेला, तेथे त्याने आपला वाद्यवृंद उभा केला आणि त्याच्या कॅसेटी बोटीने गावात येऊ लागल्या. तत्पूर्वी आम्ही दोघे याच गावात एकत्र वाजवीत असू. त्याची गिटार, माझे युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार. म्हणून ही हकीकत लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

तो जाऊन सात वर्षे झाली असता एका खलाशाने बातमी आणली, की ऑकलंडमध्ये मालाकाई नावाचा गायक मोटारीखाली सापडून वारला. त्या नावाचे दोन गायक असू शकतील, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनास शिवला नाही. तीन दिवस आम्ही चर्चमध्ये शोकगीते गायिली, काळे कपडे घातले, सुतकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेस फाटक्या चटया गुंडाळल्या. माझे युकुलेले तर त्यानंतर खुंटीवरून खाली उतरलेच नाही.

आणि चार महिन्यांनी मालाकाईची नवी कॅसेट आली.

वास्तविक एवढ्यावरून तो जिवंत आहे हे कळावयास हवे होते. परंतु मनुष्य एकदा पोटभर रडला, की ते रडणे सहजासहजी वाया जाऊ देत नाही. गावची बस चालविणारे फिलिमोने यांनी कॅसेटवरील छायाचित्र नाकाशी धरून निदान केले.

"तीळ बघा. उजव्या गालावर! आपल्या मालाकाईचा डाव्या. गिटारपण डाव्या हातानं वाजवतोय. अरे, कंपनीनं भाडोत्री माणूस उभा केलाय. खरा गेला हे सांगितलं, तर कॅसेटी खपतील का?"

"आणि फोटोतले बाकीचे सगळे अनवाणी, हा एकटाच बूट घालून," असे कोणीतरी म्हणाले. तो कोणीतरी मी होतो, हे आज कबूल करतो.

मालाकाईची भाची आनासेइनी हिने ते छायाचित्र आरशासमोर धरून दाखविले. "काका, फोटो उलटा छापलाय. आता बघा, तीळ जागेवर आला की नाही?"

"आरशात माझी बसपण उलटी चालते," फिलिमोने म्हणाले, आणि विषय संपला.

पुढे दोन वर्षांनी आनासेइनीचे लग्न ठरले. लग्नास चार दिवस असताना साक्षात मालाकाई धक्क्यावर उतरला. पोट सुटलेले, केस विरळ झालेले, समुद्राच्या वाऱ्याने घसा बसलेला. कोणीही त्याच्या गळ्यात पडले नाही. तो मात्र धावत माझ्यापाशी आला.

"पेनी! अरे युकुलेलेवाल्या! असा काय बघतोस?"

मी त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या गालाकडे पाहिले. तीळ डावीकडे होता. हा आमचाच, असे मला वाटले. परंतु फिलिमोनेंनीही तो पाहिलाच.

"म्हणजे हा कॅसेटवरचापण नाही! एक मेला, एक कॅसेटवरचा, आणि हा तिसरा."

चर्चच्या गायनाचे प्रमुख, वृद्ध सेतालेकी, यांनी अत्यंत सौजन्याने निर्णय दिला. "बाळा, तू भला माणूस दिसतोस. पाहुणा म्हणून राहा, पोटभर जेव. पण मामाच्या जागी परका बसवून आम्ही पोरीचं लग्न लावणार नाही."

आमच्याकडे बहिणीची मुलगी ही मामाच्या मस्तकावरील मुकुट होय. तिच्या लग्नात भाजलेले डुक्कर मामाने वाहून आणावयाचे, तिने मागितले ते मामाने द्यावयाचे. मालाकाई त्यासाठीच आला होता. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "एक गाणं मी नऊ वर्षं तिच्यासाठी ठेवलंय, पेनी. कुठल्या कॅसेटवर घातलं नाही. मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवू नका रे."

त्याची सख्खी बहीण लूसेआने गावातच होती. मग तिलाच का विचारले नाही? तर बहीण-भाऊ मोठे झाले, की आमच्याकडे ती दोघे एका छपराखाली बसत नाहीत. आणि प्रेमाचे गीत तर दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडणे म्हणजे लाजेची परिसीमा. अशा बहिणीस भावाचे तोंड निरखावयास सांगणाऱ्याच्या कानशिलात बसली असती. ती मुलीच्या हाती त्याच्यासाठी अळूच्या पानांत शिजविलेले मांस पाठवी. लोक म्हणत, पाहुण्यालाही कोणी उपाशी ठेवीत नाही.

अखेर गुरुवारी दुपारी चर्चच्या दालनात मुळांच्या भुकटीचे, गुंगी आणणारे कावाचे पेय घोळून आम्ही पुरुष परीक्षेस बसलो. प्रश्न मी विचारावयाचे होते.

"आपली होडी उलटली तेव्हा आत किती जण होतो?"

"चार," मालाकाई म्हणाला.

"पाच!" फिलिमोने गरजले. मला स्वतःला तीन आठवत होते.

"गा बघू," सेतालेकी म्हणाले. "तरुणपणी पोरींच्या खिडकीखाली म्हणायचास ते."

त्याने गिटार घेतली. पहिले कडवे कसेबसे पार पडले.

"बेडूक बरा," फिलिमोने म्हणाले.

दुसऱ्या कडव्यात प्रेयसीच्या खांद्यावरील खोबरेल तेलाच्या सुगंधाचे वर्णन आहे. मालाकाईने डोळे मिटून ते आळवावयास आरंभ केला, आणि नेमक्या त्याच क्षणी, लग्नात नेसावयाच्या व द्यावयाच्या चटया मोजण्यासाठी, लूसेआने दारातून आत आली.

मालाकाईने डोळे उघडले. शब्द अर्ध्यावर तुटला. गिटार माझ्या मांडीवर आदळली, आणि तो एवढा मोठा देह मान खाली घालून खिडकीतून बाहेर झेपावला. इकडे लूसेआनेने हातातील चटई तोंडावर ओढली आणि ती आल्या पावली दारातून नाहीशी झाली. खिडकीखाली चिखलात काहीतरी धपकन पडले व डुकरे केकाटत सैरावैरा पळाली.

मग सेतालेकींनी हातातील कावाची करवंटी खाली ठेविली.

"कंपनी माणसाला तीळ लावेल. पण ही लाज कुठली कंपनी शिकवते?"

"सराव केला असेल," फिलिमोने पुटपुटले.

"त्या पोटानं? त्या खिडकीतून?"

जो हास्याचा कल्लोळ उसळला, तो धक्क्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. आम्ही सारे बाहेर धावलो. मालाकाई चिखलात बसून होता.

"गेली का ती?"

"गेली."

"कुठपर्यंत ऐकलं?"

"खोबरेल तेलापर्यंत," मी म्हणालो.

"मेलो!"

"आता नाही हं!" फिलिमोने ओरडले, आणि सर्वांत आधी त्यांनीच त्या चिखलासकट त्याला मिठी मारली. मी घरी धावलो आणि खुंटीवरून युकुलेले उतरविले. त्याच्या दोन तारा गंजल्या होत्या. उरलेल्या दोन पुरल्या.

शनिवारी मालाकाईने भाजलेले डुक्कर स्वतःच्या खांद्यावर वाहून आणिले. ते नऊ वर्षांचे गाणे त्याने मंडपाच्या एका टोकास म्हटले; लूसेआने दुसऱ्या टोकास, छपराबाहेर, पाठ करून बसली होती. गाणे तिच्या लेकीच्या बालपणाचे होते, त्यामुळे ऐकण्यास हरकत नव्हती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे पाठीवरून सांगता येत नाही.

"हा खराच आहे," फिलिमोने माझ्या कानाशी लागले. "पण मग तो डावखुरा कोण, ते मी शोधणार."

गाणे संपताच आनासेइनी उठली. लग्नाच्या चटयांनी एवढी लपेटलेली, की तिला चालणे कठीण. तरी ती सरळ मामापाशी गेली आणि हात पुढे केला.

"मामा, ही गिटार माझी."

मालाकाईने गिटार छातीशी घट्ट धरली. त्याच गिटारीवर त्याने नाव कमाविले होते.

"पोरी, ही गं..."

"माझी. वाजवायची झाली, तर माझ्या घरी यायचं. दर वर्षी."

नकार देणे मामास शक्य नाही. त्याने पट्टा गळ्यातून काढला आणि गिटार तिच्या हाती दिली. परक्या पाहुण्याजवळून कोणी काही हक्काने घेत नसते, हे मंडपातील प्रत्येकास ठाऊक होते. रिकाम्या हातांचा मालाकाई आमच्याकडे वळला, आणि गाव सोडण्यापूर्वी होडी उलटून आम्ही किनाऱ्यास लागलो तेव्हा हसला होता, अगदी तसाच हसला.

आम्ही तेव्हा चारच होतो. मला आता स्पष्ट आठवते.