खालच्या वस्तीची लाइन

"खालच्या वस्तीची लाइन बंद कर. कोणी विचारलं तर बिघाड म्हणून सांग," नगराध्यक्ष फोनवर म्हणाले, तेही अगदी शांतपणे.

वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटरला कारण विचारायची गरज नव्हती. पाणीपट्टीवरून त्या वस्तीने कालच अध्यक्षांना भर सभेत धारेवर धरलं होतं. वीजपुरवठा कंपनीकडून नगरपालिकेकडे आला तेव्हा 'आपली वीज आपल्या हातात' म्हणून गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानेही वाजवल्या होत्या. आपल्या म्हणजे नेमक्या कुणाच्या, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

त्याने खटका खाली ओढला.

थोड्या वेळाने खालच्या वस्तीतून वहिनीचा फोन आला. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं. पुढे भाऊही गेला, तेव्हा अंडी उबवण्याचं मशीन घेऊन तिने एकटीने संसार सावरला.

"भावजी, लाइट कधी येईल? पिल्लं आतून चोच मारायला लागलीत, आणि थंडी ही अशी."

"बिघाड आहे, वहिनी. माणसं कामाला लागलीत."

"बरं. तुम्ही आहात, म्हणून जिवाला घोर नाही."

खटका हाताशीच होता. तो उठला, त्यावर हात ठेवला. मग नोकरी आठवली. ती कायम व्हायची होती, आणि कायम करणारे अध्यक्षच होते. तो परत खुर्चीत बसला. लाइन सुरू करायचा निरोप आला तेव्हा दिवस कलला होता.

सुटी होताच तो तडक वहिनीकडे गेला. ती परसात खड्डा खणत होती. शेजारी घमेलं भरून अंडी होती. काहींना चीर गेली होती, एकातून ओली चोच बाहेर आली होती. मशीनभोवती गुंडाळलेल्या रजया आता दारात पडल्या होत्या.

त्याने तिच्या हातातून फावडं घेतलं.

"शेजारचे म्हणत होते, मुद्दाम बंद केली," ती घाम पुसत म्हणाली. "मी चांगलं सुनावलं त्यांना. म्हटलं, आमचे भावजी तिथे आहेत. असलं काही होऊ द्यायचे नाहीत."

त्याने दोन फावडी माती काढली. तिसऱ्यांदा हात उचलेना.

"वहिनी, बिघाड नव्हता. मीच बंद केली. वरून फोन आला होता."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"द्या इकडे," ती म्हणाली. त्याच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि पाठ फिरवून पुन्हा खणायला लागली.