मुल्ट्यांची जागा

मुल्टे म्हणजे आमच्या दलदलीत पिकणारं पिवळंधमक फळ. ते कुठे पिकतं, हे आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला सांगत नाही. सासूने मला जागा दाखवली ती लग्नानंतर बारा वर्षांनी, तीही आपलं काही खरं नाही असं तिला वाटायला लागल्यावर. मुलगा माझा तिकडे स्टावांगर शहरात, त्याला दुकानातला मुरंबा चालतो. राहिली नात, उन्हाळ्यात माझ्याकडे राहणारी नऊ वर्षांची एल्ड्रिड. डोंगर चढायला गुडघे आता नाही म्हणतात. जागा द्यायची तर याच उन्हाळ्यात, आणि तिलाच.

अशात गावात योस्टाइन उगवला. दक्षिणेकडचा माणूस. तळ्याकाठचं रिकामं खोपटं भाड्याने घेऊन त्याने मुलांचं निसर्गशिबिर सुरू केलं. किडे बघा, चाकूने काठ्या तासा, सगळं ठीक. पण मुल्टे पिकण्याच्या ऐन आठवड्यात? माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोनच दिवसांत एल्ड्रिड कागद घेऊन आली. "आजी, नकाशा काढायचाय. आपल्या घरचे फळं वेचायला जातात त्या जागेचा."

"आणि तो जाणार कुणाकडे?"

"योस्टाइनकडे. तो भिंतीवर लावणार."

"लावणारच! आयत्या बिळावर नागोबा!"

"कुठे नाग?" तिने विचारलं. माझं डोकं मात्र भराभर चालायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रावमिरावर नेलं. त्या दलदलीत माझ्या आठवणीत एक मुल्टं पिकलेलं नाही. नुसतं गवत आणि डास. "हीच आपली जागा," मी म्हटलं, "यंदा जरा उशीर आहे एवढंच. कुणाला सांगू नकोस हं." पोरच ती, सांगणारच. मला तेच हवं होतं.

शनिवारी शिबिरात घरच्या मंडळींना बोलावलं होतं. मी सगळ्यांच्या आधी पोचले, कुणाकुणाचं बिंग फुटलंय ते बघायला. भिंतीवर नऊ कागद होते. पहिला बघितला, रावमिरा. दुसरा, रावमिरा. तिसऱ्यावर तर तिथलं बर्चचं वाकडं झाडसुद्धा काढलेलं. आठव्यापर्यंत तेच. तेवढ्यात शेजारीण बोर्गहिल्ड आली.

"तुझ्या नातवाने हीच काढलीय?" मी विचारलं.

"तू आधी तुझ्या नातीची बघ," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आठ घरं, आठ थापा आणि सगळ्यांची जागा एकच! मला हसू आवरेना. योस्टाइन समोर आला तेव्हा त्याचं तोंड डासांनी सुजलेलं होतं.

"आठ घरं जातात म्हणजे तिथे फळांचा सडाच असणार असं वाटलं मला," तो म्हणाला. "काल सगळी मुलं घेऊन गेलो. एक फळ नाही! तुम्ही लोक तिथे जाऊन करता तरी काय?"

नववा कागद कोरा होता. खाली फक्त एल्ड्रिडचं नाव.

"ती काढेचना," तो म्हणाला. "आजीने सांगू नको म्हटलंय म्हणाली. आणि काल बाकीची मुलं निघाली तरी ही एकटी गुडघाभर चिखलात शोधत होती. 'इथे आहेतच, आजी म्हणालीय.' शेवटी उचलून आणावं लागलं, आजीबाई."

माझं हसू जागच्या जागी विरलं. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

रविवारी मी तिला खऱ्या जागी न्यायला निघाले. दोन तासांची चढण, दर वळणावर बसत होते.  खिंड ओलांडली आणि समोर सगळी दलदल पिवळी झालेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती.

"ही आपली," मी म्हटलं. "माझ्या सासूची, तिच्या सासूची. आता तुझी."

तिने एक फळ तोडलं, सावकाश खाल्लं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. योस्टाइनकडे मी संशयाने बघायचे, अगदी तसंच.

"चांगली आहे," ती म्हणाली. "आता खरी दाखव."