दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

सरांच्या टेबलावर चहाचे दोन कप होते आणि दोन्ही भरलेले होते. डावीकडच्या कपावर साय धरून तिला सुरकुत्या पडल्या होत्या, उजवीकडच्यातून अजून वाफ निघत होती. म्हणजे पहिला येऊन बराच वेळ झाला होता आणि तो समोर असतानाच दुसरा मागवला गेला होता. छोट्या मॅडमनी दारातून हे पाहिलं आणि सवयीने एक बिनधोक कारण शोधलं. सरांना गार चहा चालत नाही, पहिला बोलण्याच्या नादात राहिला असेल. अशी कारणं शोधण्यात गेल्या काही महिन्यांत त्यांचा हात चांगलाच बसला होता.

मॅडमची पंचेचाळिशी उलटली होती, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. पण मोठे डॉक्टर म्हणजे सर, आणि ते असेपर्यंत त्या छोट्याच. लहान मुलांच्या आणि वयात येणाऱ्या पोरांच्या मनावर उपचार करणारा हा दवाखाना सरांनी उभा केला होता. मॅडम इथेच त्यांच्या हाताखाली शिकल्या. घरात तोंड न उघडणारी मुलं सरांपुढे बोलत. सर प्रत्येक मुलाला एक टोपणनाव देत आणि ते कधीच विसरत नसत. शाळेच्या नावाने ओकाऱ्या काढणारा एक मुलगा मोठा होऊन लग्नाचं आमंत्रण द्यायला आला, तेव्हा त्याला बघताक्षणी सर म्हणाले होते, "ये कप्तान."

आणि सरांचा एक नियम होता. प्रश्न दोनदा विचारावा. पहिल्यांदा मूल उत्तर देतं, दुसऱ्यांदा खरं सांगतं. इथे शिकून गेलेल्या प्रत्येक डॉक्टरला हा नियम तोंडपाठ होता. त्यामुळे सर एकाच भेटीत तेच तेच विचारू लागले, तेव्हा कोणालाच वावगं वाटलं नाही. शिकाऊ डॉक्टर तर कौतुकाने माना डोलवत. मॅडमही डोलवत होत्या. मग एकदा त्यांचं लक्ष सरांच्या चेहऱ्याकडे गेलं. पूर्वी दुसऱ्यांदा विचारताना सर किंचित पुढे झुकत, आवाज खाली आणत. आता तसं काही होत नव्हतं. त्यांच्या लेखी ते पहिल्यांदाच विचारत होते.

त्यावर मॅडमनी काढलेला तोडगा म्हणजे वजनकाटा. सरांच्या खोलीतून मूल बाहेर पडलं की "जरा वजन-उंची घेऊ" म्हणून त्या त्याला आपल्या खोलीत नेत, दोन-चार प्रश्न विचारत, औषधाचं प्रमाण चुकलं असेल तर गुपचूप दुरुस्त करून देत. दोनदा चुकलं होतं. सरांना सांगायला हवं, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. आधी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन आडवं आलं, मग विश्वस्तांची बैठक, मग शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा.

दवाखान्यातल्या समाजसेविकेला सगळे ताई म्हणत. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "मॅडम," ती एकदा म्हणाली होती, "तो काटा झिजेल एक दिवस, पण तुमचं तोंड काही उघडायचं नाही."

"झाकली मूठ आहे ताई, राहू दे झाकलेली. नीट वेळ बघून बोलते."

"मूठ तुमची. त्यात बोटं मुलांची आहेत."

चहाचे दोन कप दिसले त्याच दुपारी सर एका मुलीला आणि तिच्या आईला सोडायला स्वतः बाहेर आले. मुलगी चौदा वर्षांची होती, उंच, खांदे पुढे काढून उभी. "उत्तम आहे आमचं फुलपाखरू," सर आईला म्हणाले. औषध निम्मं करू, दीड महिन्याने या. आईला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच, आणि नवऱ्याला कळवायला फोन काढला. मुलगी सरांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. दुकानात वस्तूची किंमत विचारून माणूस ती मुकाट्याने जागेवर ठेवून देतो, तशी दिसत होती ती.

मॅडम पुढे झाल्या. "जरा वजन-उंची घेऊ," त्या म्हणाल्या.

खोलीत आल्यावर मुलीने बूट काढले आणि काट्यावर उभी राहिली. मॅडमनी आकडा पाहिला, पण लिहिला नाही. मुलगी पहिल्यांदा आली ती महिन्यापूर्वी, आणि त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. फाइलमध्ये सरांच्या अक्षरात एवढंच होतं, झोप कमी, चिडचिड.

"सर तुला फुलपाखरू म्हणतात?"

"आज म्हणाले. मागच्या वेळी वकीलसाहेब म्हणाले होते. मी वाद घालते म्हणून."

मॅडम खाली स्टुलावर बसल्या. सरांनी दिलेलं नाव बदललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, जगणं नकोसं वाटतं का. मुलगी काट्यावरून उतरली नाही.

"परत कशाला विचारता? मागच्या वेळी सांगितलं होतं सगळं."

मग तिने सांगितलं, खाली आकड्याकडे बघत, जणू तिथे लिहिलेलं वाचून दाखवतेय. मरायचं डोक्यात येतं, असं तिने सरांना सांगितलं होतं. त्यासाठी कपाटात काय लपवून ठेवलंय तेही. सर म्हणाले, बरं केलंस सांगितलंस, आता हे आपण आईला सांगू. आईला बोलवायला ते उठले. दारात त्यांना कोणीतरी भेटलं, काहीतरी विचारलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी तिला विचारलं, झोप कशी लागते?

"मला वाटलं, मुद्दाम करतायत. म्हणजे माझं एवढं काही नसेलच. तरी घरी गेल्यावर रोज बघायचे, आईने कपाट उघडलंय का. नाही उघडलं."

"आणि आज?"

"आज पहिल्यापासून विचारलं. मी नाही म्हणाले. मग त्यांनी परत विचारलं." ती जराशी हसली. "मी परत नाही म्हणाले."

"ते अजून कपाटात आहे?"

मुलीने मान हलवून हो म्हटलं.

"आज घरी जाऊन काही करायचं ठरवलं होतंस?"

तिने पुन्हा तशीच मान हलवली, या वेळी अगदी हळू.

मॅडमचे पाय उठू बघत होते. त्यांनी ते जमिनीवर दाबून धरले. आज या मुलीसमोर दाराकडे जाऊन चालणार नव्हतं. त्यांनी बसल्या जागेवरून फोन उचलला आणि ताईला सांगितलं, आईला घेऊन माझ्या खोलीत ये. मग मुलीला म्हणाल्या, "मी हे आईला सांगणार आहे. आत्ता, तुझ्यासमोर. आमच्यावर विश्वास ठेवायला तुला काही कारण उरलेलं नाही, म्हणून तुझ्यासमोर."

आईला आधी ते शब्द पोचलेच नाहीत. मोठे डॉक्टर आत्ताच उत्तम म्हणाले, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि दर वेळी आवाज बारीक होत गेला. ताईने आईच्याच फोनवरून वडिलांना कामावरून घरी पिटाळलं. कपाट उघडा, कुठल्या खणात, कशाच्या मागे, हे मुलीने स्वतः सांगितलं. मग चौघी त्या फोनभोवती बसून राहिल्या. तो वाजला तेव्हा मुलीने डोळे मिटून घेतले. "सापडलं," वडील म्हणाले. मुलगी आईच्या मांडीवर कलंडली. तिला वरच्या मजल्यावर दाखल करायचं ठरलं, आईसकट.

जिन्यापाशी ताईने मॅडमकडे पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. ती फक्त मुलीची फाइल घेऊन वर गेली, आणि ते मॅडमना जास्त लागलं.

सरांच्या खोलीबाहेर एक लहान मुलगा वडिलांचं बोट धरून बसला होता. मॅडम आत गेल्या, दार लावून घेतलं आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं, केस सांगावी तसं.

"वकीलसाहेब?" सर आठवू लागले. "कोण गं ही?"

"आज तुम्ही तिला फुलपाखरू म्हणालात."

"दोनदा विचारलं ना मी तिला?"

"विचारलंत, सर."

सर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, घरीही सगळे म्हणतात, विसरता म्हणून. मुलगा तर मागेच लागलाय, काम थांबवा. "मी त्याला सांगितलं, छोटी आहे ना तिथे. माझं काही चुकायला लागलं तर ती आधी सांगेल मला. तिला घाबरायला मी शिकवलेलं नाही. ती बोलत नाही, म्हणजे ठीक चाललंय."

मॅडमना वाटलं होतं, सर चिडतील, निदान नाकारतील. त्याची तयारी त्यांनी करून ठेवली होती. याची नव्हती. आपण काट्यावर उभं करून एकेका मुलाला वाचवत होतो, आणि आपल्या त्याच गप्प राहण्यावर भरवसा ठेवून हा माणूस रोज त्या खुर्चीत येऊन बसत होता.

दारावर टकटक झाली. खालच्या बाजूला, लहान हाताची. सरांचा चेहरा एकदम उजळला. ते उठले, शर्ट सारखा केला. "पोरगा केव्हाचा ताटकळलाय गं. आपण हे मग बोलू."

त्या "मग"ला मॅडमची मान नेहमीसारखी हलू लागली होती. ती त्यांनी थांबवली. त्या सरांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"त्याला मी बघते, सर," त्या म्हणाल्या. "आजपासून तुम्ही मुलं तपासायची नाहीत."